जुन्या कपड्यांचं काय करता?

जत तालुक्यातल्या त्या मेंढपाळ वस्तीवरचं कुत्रं वासराएवढं होतं. कमीच सांगतोय.

मी तेव्हा सांगलीहून एका संशोधनाचे फॉर्म भरत फिरायचो. माणसं काय विकत घेतात, किती दिवस वापरतात, वापरून झालं की काय करतात, एवढंच विचारायचं. त्या कुत्र्याच्या घराशी गेलो, ते उठलं आणि मी बाभळीवर. काटे टोचल्याचं खाली उतरल्यावर कळलं. मग फाट्यावरच्या टपरीत चहा पीत फॉर्म मीच भरला. आपल्याच भागातली माणसं. काय सांगणार ते मला ठाऊक नाही होय? जुने कपडे: फेकून देतात.

आठ दिवसांनी आमच्या मॅडम म्हणाल्या, "काही घरं मी स्वतः तपासणार. खोटा फॉर्म निघाला, तर भरणाऱ्याचं काम त्याच दिवशी बंद."

पहिलं घर निघालं ते हेच. जीपमध्ये माझे गुडघे असे वाजत होते, की ड्रायव्हरनं दोनदा उतरून इंजिन बघितलं.

घरच्या मावशीनं कुत्रं दटावून बसवलं, जाडजूड शिवलेली वाकळ अंथरली. मॅडम बसल्या. मी त्यांच्यामागं लपलो. त्या पाच फूट, मी सहा.

"जुने कपडे तुम्ही फेकून देता ना?" मॅडमनी वाचलं.

"आवं ताई, मग तुमी बसलाय कशावर? ह्यात माझी चार लुगडी हायती, सासऱ्याचा फेटा हाय, पोराची मिल्ट्रीतली प्यांट हाय. कुनी सांगितलं फेकतो म्हणून?"

मॅडम मागं वळल्या. मावशीही निरखून बघायला लागली. माझ्या पाठीवरून घामाचा ओढा वाहिला. त्या दुष्काळी रानात तेवढंच पाणी.

"ह्यो व्हय! ह्यो तर बाभळीवर चढला हुता. घरात कवा आला?"

"बाकीचे फॉर्म?" मॅडमचा आवाज अगदी हळू होता. त्यानंच जास्त धडकी भरली.

"कुत्रं नव्हतं तिथं विचारलंय, मॅडम. आईशप्पथ."

"आमच्या वस्तीत कुत्रं नसलेलं घर कुठलं रं, गड्या?"

मग मॅडमनी कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "संध्याकाळपर्यंत. सगळी घरं. नाहीतर काम आजच बंद."

"जा, इच्यार बिनघोर," मावशी म्हणाली. "म्या धरते."

धरलं तिनं. पण फक्त तिचं. शेजारच्या कुंपणाआड दुसरं गुरगुरायला लागलं होतं आणि मी पेनाचं टोपण दातांनी काढत, एकेक पाऊल टाकत, तिकडंच निघालो होतो.