काकू आधी बाळंतिणीकडे पाहायच्या

सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी सुरतच्या खोलीत बाळाचे लंगोट वाळत घालत होती. "कुसुम गेली वं," एवढंच त्या म्हणाल्या. कुसुमकाकू म्हणजे आमच्या आंधळगावच्या आशाताई, सरकारी दवाखान्याकडून घरोघरी बाळंतिणी पाहायला येणाऱ्या. मी ओली बाळंतीण, जाता आलं नाही... सातवीत शाळा सुटली, लिहायची सवय नाही. पण काकूंवर दुसरं कोण लिहिणार?

मोठी रेणू झाली तेव्हा मी गावी सासरीच होती, नवरा एकटाच इकडं सुरतला कामाला होता. पोर कमी वजनाची, आणि मला तिच्याकडं पाहावंसंच वाटेना. बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. सासूबाईंनी मायेनंच पोर आपल्या खोलीत नेली, वाटी-चमच्यानं गाईचं दूध पाजू लागल्या. काकू आल्या त्या सरळ माझ्या पायथ्याशी बसल्या अन् पायांना तेल लावू लागल्या.

"लेकरू तिकडं हाय, कुसुम."

"माहीत हाय. लेकराले सारेच पायतात, इले कोन पायते? तुमी चहा ठेवा, साखर जास्त टाका."

सासूबाई चुलीकडं गेल्या तशी मी बोलली, "काकू, मले तिच्याबद्दल काहीच नाही वाटत."

"नाही वाटत त नाही वाटत. घेऊन त बस. वाटाचं काय, थे मागून बैलबंडीनं येते."

त्यांनी पोर उघडी करून माझ्या छातीवर ठेवली, वरून लुगडं गुंडाळलं. वरचं दूध बंद केलं. मला डॉक्टरीणबाईंकडंही नेलं. रोज यायच्या, पोरीचं विचारायच्या आधी, मी जेवली का, ते विचारायच्या. ते वाटणं कधी आलं, कळलंच नाही. एका दुपारी रेणू रडली अन् माझ्या आधी माझा हात तिच्याकडं गेला...

या खेपेला पुन्हा तसंच झालं. काकूंना सांगू, आज नको उद्या, म्हणत राहिली. आता फोन कोणाला लावू? जीव घाबरतो, थकूनही गेली आहे. काल नवरा डबा घेऊन ड्यूटीवर निघाला होता. त्यालाच सांगून टाकलं, "मले याच्याबद्दल काही वाटूनच नाही राहिलं."

तो दारातच थांबला. "मंग मी काय करू?"

"आधी मी जेवली का, थे विचार."

त्यानं विचारलं नाही. चपला काढल्या, डबा उघडून माझ्यापुढं ठेवला आणि बाळ उचलून माझ्या मांडीवर दिलं. ते वाटणं अजून आलेलं नाही. बाळाला धरून मी दोन घास खाल्ले.