शिफारस नातीची, वर्णन माझं

२०२४ साल. मृग लागला होता, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे दिवस. माझी नात रोशनी बारावी पास झाली होती आणि तिला चंद्रपूरच्या एका नर्सिंग शाळेत जायचं होतं. फॉर्मसोबत दोन शिफारशी मागितल्या होत्या. एक तिच्या कॉलेजच्या मॅडमनं दिली. दुसरी गावातल्या प्रतिष्ठित माणसाची हवी होती, आणि तो नातेवाईक नको. ती मिळाली नाही तर पोरीचं वर्ष जाणार.

आमचं गाव आरमोरीकडचं. गावातले अर्धे लोक माझे नातेवाईक. उरलेल्या अर्ध्यांशी मी भांडलेलो!

त्याला कारण आहे. दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा भरते, तिच्या रात्रीच्या नाटकाला गेटवर मी उभा राहतो. तिकीट नाही तर आत नाही, मग तो कोणीही असो. मी चौथी शिकलेला माणूस, पण कोणापुढे हात पसरला नाही. असा माणूस मागायला निघाला की प्रत्येक दारात एक किस्सा तयार होतो. माझे एका आठवड्यात साठले.

*

पहिले गेलो निवृत्त हेडमास्तरांकडे. एका मंडईला मी त्यांना गेटवर अडवलं होतं. तेव्हा त्यांचाच पोरगा आत स्टेजवर राजा झाला होता.

मास्तर म्हणाले, "तिकीट आणलं का?"

मास्तर हसले, पान लावलं आणि बसल्या बसल्या पानभर मजकूर लिहून दिला. अक्षर मोत्यासारखं. मी खूश!

घरी रोशनीनं वाचून दाखवलं. "उमेदवाराचे आजोबा अत्यंत करारी व हट्टी असून, कोणाचेही ऐकत नाहीत. त्यांचा आवाज दोन वाड्यांपर्यंत जातो. त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचे माझ्या पाहण्यात नाही." असं पानभर. अगदी शेवटी एक ओळ होती, "सोबत त्यांची नातही आहे."

*

मग सरपंचबाई. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं काम नाई करन तर कोनाचं करन? पन ग्रामसेवक सुट्टीवर हाय. छापील कागद हाय तो भरून देतो. बसा."

त्यांनी नाव भरलं, सही केली आणि शिक्का असा मारला की टेबल हाललं. मी मान वर करून घरी आलो.

रोशनीनं कागद दोनदा वाचला. "आबाजी, हा हयातीचा दाखला आहे. यात लिहिलंय की मी जिवंत आहे."

मी म्हणालो, "मग त्यात खोटं काय हाय?"

*

आरमोरीत अन्वरभाई आहेत. नाटकाचं माईक आणि लाइट त्यांचंच असतं, पोस्टरही तेच लिहितात. माझ्याशी न भांडलेला त्या भागातला हा एकच माणूस, कारण ते गेटमधून येतच नाहीत, सामानाच्या गाडीतून थेट आत!

"चाचा, फिकर करू नका. रोशनी आपलीच बेटी हाय. असं लिहितो की साहेब लोक उभे राह्यतीन."

लिहिलंही. लाल, हिरव्या आणि निळ्या शाईत.

"झाडीपट्टीत प्रथमच! सर्वांची लाडकी कुमारी रोशनी! हसवेल, रडवेल, सुई टोचेल! एकदा अवश्य आजारी पडा!"

रोशनी पोट धरून हसली. मला मात्र तो कागद बरा वाटला होता. मी म्हणालो, "पाठवून दे." मला आवरायला तिनं आपल्या मायला हाक मारली.

*

जंगलातल्या वाडीवर माझा मित्र राहतो, कोमटी मडावी. दोघं मिळून आम्ही मोहफुलं वेचली आहेत. त्याला लिहिता येत नाही, पण मोठा मानाचा माणूस.

तो म्हणाला, "कागद कायले? कागद खोटं बोलला तर त्याले कोन पकडन? मी येतो सोबत. तिथल्या बाईच्या समोर उभा राहून सांगतो. आमच्यात असंच करते."

मी म्हणालो, "शहरात असं चालत नाई गा."

दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात कोमटी. नवं धोतर, भाकरी बांधलेली आणि काखेत कोंबडा!

"हा काऊन आनला?"

"मोकळ्या हातानं जाऊ का शाळेत?"

त्याला परत पाठवायला दुपार झाली. कोंबडा राहिला.

*

शेवटची तारीख आली. राहिली होती ती एकटी उपकेंद्राची सिस्टर. तिच्याकडे जायचं मी टाळत होतो. कोरोनाच्या साली ती लस घेऊन गावात आली तेव्हा मी शिडी लावून तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर चढून बसलो होतो. खाली सगळा गाव. "हा मानूस घेत नाई, मंग आपन काऊन घ्याची?" असं चाललेलं.

पण आता इलाज नव्हता. गेलो. सिस्टर रजिस्टर आवरत होती आणि कोणाला तरी फोनवर सांगत होती की पुढच्या महिन्यातल्या रोवणीला बायका मिळून नाही राहिल्या, धानाची बांधी तशीच पडून राहील. मला पाहून तिनं फोन ठेवला. मी काम सांगितलं. तिनं जागेवर कागद काढला. मी पाठ फिरवून उभा राहिलो.

रोशनीनं घरी वाचलं.

"गावात लस घ्यायला कोणी तयार नव्हते. ही मुलगी तेव्हा नववीत होती. तिचे आजोबा तणसाच्या ढिगावर चढून बसले. मी हात जोडले, सरपंचांनी हात जोडले. हिने काही न बोलता शिडी काढून बाजूला ठेवली आणि खाली बसून अभ्यास करू लागली. दुपारनंतर आजोबांनी स्वतः लस मागितली. मग हिने शिडी लावली आणि सुई टोचेपर्यंत त्यांचा हात धरून ठेवला. त्यांच्यामागे गावाची रांग लागली. मला अशी नर्स हवी आहे."

बाकी सगळ्यांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं. हिनं पोरीबद्दल लिहिलं. त्यातही मी ढिगावर होतोच!

मुलाखतीला मीच सोबत गेलो. नर्सिंग शाळेच्या मोठ्या मॅडमनी कागद वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तणसावरचे आजोबा हेच का?"

"हो," रोशनी म्हणाली.

"मग उतरलात कशाला?"

"भूक लागली," मी म्हणालो.

रोशनीला प्रवेश मिळाला.

पुढं आषाढात एके सकाळी मी सिस्टरच्या बांधीवर गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. धोतर खोचलं, पऱ्ह्यांची पेंढी घेतली आणि बायांच्या रांगेत वाकलो. पुरुष माणूस रोवणीला! बाया हसून हसून चिखलात बसल्या.

"आबाजी, ओळ वाकडी चालली तुमची!"

"पाटाकडं जाऊन राह्यले, परत फिरवा त्यायले!"

मी वर पाहिलं नाही. सिस्टर बांधावर चहा घेऊन आली आणि मला पाहून तशीच उभी राहिली. मी पुढची पेंढी सोडली.

संध्याकाळपर्यंत बांधी पुरी झाली. पाटावर हातपाय धुतले आणि घरी आलो. फेड झाली.