ड्रम सुरू झाले की कॉफी

एकाच घरात, त्याच चार माणसांबरोबर, दर रविवारी संध्याकाळी बसायचं म्हटलं की किस्से साठतातच. दारामागच्या खुंटीवर पिशव्या साठतात तसे. एक काढायला जावं, तर चार खाली पडतात. घडले तेव्हा यातल्या बहुतेक किश्शांना मी हसलो नव्हतो, हे आधीच सांगून ठेवतो.

मी मूळचा निपाणीचा. इंजिनिअरिंग शिकायला शिकागोला गेलो. तिथे गोऱ्या वस्तीतल्या घरमालकांनी माझा रंग बघून दारातूनच परत पाठवलं, आणि शेवटी खोली मिळाली ती काळ्या लोकांच्या वस्तीत. हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं नशीब! त्या वस्तीत भिंतींतून संगीत यायचं. खालच्या न्हाव्याच्या दुकानातून यायचं, रविवारी चर्चमधून यायचं. अपमान गिळून दिवसभर राबणारी माणसं संध्याकाळी असं काही गायची, वाजवायची, की मला वाटायचं, हे आपल्या लोकांनी ऐकलंच पाहिजे. आपल्याला हे कळेल. आपल्याला नाही कळणार तर कुणाला?

म्हणून शिक्षण संपल्यावर मी परतलो. बंगळूरच्या एका कारखान्यात नोकरी धरली आणि चामराजपेटेत अण्णांच्या घरी खोली घेतली. सोबत एक ट्रंक होती. तिच्यात रेकॉर्ड प्लेअर, तीसेक रेकॉर्डी आणि चित्रकथांच्या पुस्तकांचा गठ्ठा. पहिल्याच महिन्यात मी रविवारचं श्रवणमंडळ सुरू केलं. सभासद तीन. घरमालक अण्णा, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर राघोबाराव. त्यांचा पुतण्या बाबण्णा, नगरपालिकेत कारकून. आणि माझ्या कारखान्यातल्या हिशेबखात्याचे कुलकर्णी, मूळचे अथणीचे. अण्णांच्या पत्नी, अक्का, सभासद नव्हत्या. त्या कॉफी करायच्या.

माझ्या प्राध्यापकांनी शिकागोत माझ्यासाठी एक जागा राखून ठेवली होती. दोन वर्षं बघ, परत यायचं असेल तर उन्हाळ्याआधी कळव, म्हणाले होते. मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं. या मंडळातल्या एकानं तरी, एकदा तरी, आपणहून म्हणावं, 'ती रेकॉर्ड लाव.' तसं झालं तर मी इथलाच. नाही तर आपण कुणाच्याच उपयोगाचे नाही, हे समजून ट्रंक पुन्हा भरायची.

दोन वर्षांत कुणीही म्हणालं नव्हतं.

* * *

पहिल्या रविवारी मी प्लेअर लावला. अमेरिकेतला प्लेअर इथल्या विजेवर जळू नये म्हणून ट्रान्सफॉर्मरही आणला होता. सुई टेकवली. गाणं सुरू झालं. तिकडे ज्या गाण्यावर माणसं रस्त्यात थांबून पावलं नाचवायची, ते गाणं आजारी माणूस जिना चढतो तसं येत होतं. गाणारी बाई पुरुषासारखी वाटत होती.

मला वाटलं, गाणं तेच आहे, मीच बदललोय. त्या वस्तीपासून, त्या माणसांपासून इतका लांब आलोय, की आता मला तसं ऐकूच येत नाही. आठ-दहा रविवार मी हे दुःख छातीशी धरून बसलो. मंडळींना सांगायचो, "ऐका, यातली वेदना ऐका!"

अण्णा डोळे मिटून मान डोलवायचे. "फार सौख्य आहे रे यात. सावकाश."

मग एकदा प्लेअर पुसायला उलटा केला, तर खाली पत्र्यावर लिहिलेलं दिसलं. यंत्र सेकंदाला साठ आवर्तनांच्या विजेसाठी होतं. आपल्याकडे पन्नास! मोटर मुळातच हळू फिरत होती. मोटरच्या दांडीवर चिकटपट्टीचे दोन वेढे दिले, आणि पुढच्या रविवारी गाणं उड्या मारत बाहेर आलं. माझे डोळे भरून आले.

अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. "त्या बाईला आज गाडी पकडायची आहे काय?"

कुलकर्णी मात्र वेगळ्याच विचारात होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "तुम्ही तिकडे नेमकं कशाचं इंजिनिअरिंग शिकलात हो?"

"इलेक्ट्रिकल," मी म्हणालो.

* * *

चित्रकथांची पुस्तकं बाबण्णानं नेली. नगरपालिकेत कुणाला कळू नये म्हणून त्यांना खाकी कागदाची कव्हरं घातली आणि वर 'जमीन महसूल नियम' असं लिहिलं. त्यातल्या एका पुस्तकाचा नायक दिवसा साधा नोकरदार, आणि संकट आलं की मुखवटा चढवून छपरांवरून उड्या मारत लोकांना वाचवणारा.

मी मंडळासमोर त्यावर मोठं भाषण दिलं. म्हटलं, हे पोरकट नाही. सामान्य माणसाच्या आत एक असामान्य माणूस दडलेला असतो, हे यातून लहान मुलांना सांगितलं जातं.

अण्णांना एकच शंका होती. "एवढा बलवान आहे, मग तोंड का लपवतो?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात कुलकर्णी म्हणाले, "सरकारी नोकर असणार. नोकरीत असताना बाहेरचं काम करायला लेखी परवानगी लागते."

"सरी! मग बरोबर आहे," अण्णा म्हणाले. बाबण्णानंही गंभीरपणे मान हलवली. विषय संपला!

स्वयंपाकघरातून फक्त अक्कांचा आवाज आला, "एवढं सगळं करून खोलीवर आल्यावर त्याला जेवायला कोण घालतं, ते लिहिलंय काय?"

मी पुन्हा पुस्तकं चाळून पाहिली. कुठेच लिहिलं नव्हतं.

* * *

टेलिव्हिजन समजावून सांगणं सगळ्यांत कठीण. आमच्या शहरात तो अजून कुणी पाहिलेला नाही. शिकागोत माझ्या मालकीणबाईंकडे होता. त्यांच्या लोकांपैकी कुणी त्यावर गाणार असलं, की बाई टेलिफोनवर टेलिफोन करायच्या. सगळी गल्ली त्यांच्या बैठकीत जमायची. मी जिन्याच्या पायरीवर बसून बघायचो, आणि कुणी तरी न विचारता माझ्या हातात बशी द्यायचं.

हे सगळं मी अण्णांना रंगवून सांगितलं.

"म्हणजे गाणारा आपल्याला दिसतो," अण्णा म्हणाले. "आपण त्याला दिसतो काय?"

"नाही."

"आपण वाहवा केली तर ऐकू जाते?"

"नाही, अण्णा."

"मधेच उठून गेलो तर?"

"तरी कळत नाही."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अय्यो पाप! म्हणजे बिचारा एकटाच गातो म्हण की!"

* * *

दसऱ्यात इथे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. त्या वर्षी अक्का म्हणाल्या, "मधू, तुझा तो टेलिव्हिजन करून दे. वरच्या पायरीवर ठेवते." मी खोक्याला काच लावली, बटणं लावली, आत दिवा सोडला. राजा-राणीच्या लाकडी बाहुल्यांशेजारी तो असा शोभून दिसला, की मला अभिमान वाटला.

गल्लीतल्या पोरी बाहुल्या बघायला आल्या. रिवाजाप्रमाणे प्रत्येकीनं एक गाणं म्हटलं, हातावर चुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, घेतलं. पण कुणी निघेना. सगळ्या खोक्यासमोर ओळीनं मांडी घालून बसल्या. काचेकडे बघत राहिल्या. मी त्यांना सांगून ठेवलं होतं ना, यात माणसं येऊन गातात म्हणून!

खूप वेळानं एक चिमुरडी उठली आणि माझ्याजवळ येऊन अदबीनं म्हणाली, "मधूअण्णा, त्यांना आज रजा आहे काय?"

* * *

शिकागोच्या रेडिओवर एक निवेदक होता. रेकॉर्ड वाजत असताना तो तिच्या ठेक्यावर बोलायचा, आणि तेही यमकं जुळवून! हवामान, जाहिरात, कुणाला टोमणा, सगळं ठेक्यात. साधं बोलणं आहे की गाणं, कळायचं नाही. मी त्या माणसावर फिदा होतो. भविष्यात गाणं असंच होणार, असं मी मंडळाला ठासून सांगितलं आणि सगळ्यांना तसं बोलायला लावलं.

बाबण्णा "आज रविवार" म्हणाला आणि लाजून थांबला. कुलकर्ण्यांनी बराच विचार करून "उद्या सोमवार" अशी भर घातली. अण्णांनी साफ नकार दिला.

तेवढ्यात पदराला हात पुसत अक्का दारात आल्या. "यात नवीन काय? लग्नात आम्ही काय करतो मग?" आणि रेकॉर्ड चालू असतानाच त्यांनी उखाणा घेतला:

"चिकपेटेत रेशीम, गांधीबाजारात फुलांची परडी,
राघोबारावांचं नाव घेते, आता थांबवा ती तबकडी!"

शेवटचा शब्द ड्रमच्या ठोक्यावर असा बसला, की मी जागचा उठलो. अंगावर काटा आला होता. "अक्का! पुन्हा! पुन्हा एकदा म्हणा!"

अक्कांनी माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "पुन्हा नाव घ्यायला काय दुसरं लग्न आहे माझं?"

* * *

आता ज्या रेकॉर्डपायी हे सगळं चाललं होतं, तिच्याबद्दल. माझ्या तीस रेकॉर्डींत ती एक अशी, की ती ऐकल्यावर मी शिकागोत पहिल्यांदा रडलो होतो. तिच्यात मध्यावर सगळी वाद्यं थांबतात आणि एकटा ड्रमवाला वाजवत राहतो. आधी कुजबुजल्यासारखा. मग तो जणू सगळ्या वस्तीचं रडणं-हसणं एकट्याच्या दोन हातांत घेतो. माझं म्हणणं होतं, हा तुकडा ज्याला कळला त्याला सगळं कळलं.

चांगली तयारी करून एका रविवारी ती लावली. तो तुकडा आला. मी डोळे मिटले.

डोळे उघडले, तर चटईवर कुणीच नव्हतं! तिघंही स्वयंपाकघरात उभे राहून कॉफी पीत होते.

चामराजपेटेत राहिलेल्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. इथे रामनवमीला मांडवात महिनाभर कचेऱ्या, म्हणजे गाण्याच्या बैठकी, चालतात. गवई गाता गाता थांबला आणि मृदंगवाल्याची पाळी आली, की अर्धा मांडव उठतो. ती कॉफीची वेळ! तसा दंडकच आहे. ड्रम एकटे वाजायला लागले आणि माझ्या मंडळींचे पाय आपोआप उठले.

मी चिडलो. अण्णांनी शांतपणे पेल्यावर फुंकर घातली. "अरे, तो वाजवतोय म्हणजे गाणाऱ्यांना स्वल्प विश्रांती. मग आम्हाला नको काय?"

त्यानंतर ती रेकॉर्ड मी किती तरी रविवार लावली. दर वेळी तेच. ड्रम सुरू झाले की कॉफी. कुलकर्णी अथणीचे, त्यांच्याकडे असला काही रिवाज नाही. पण तेही शिकले. पुढे पुढे तर मी एकटा बसून काय करू म्हणून मीही उठायला लागलो. स्वयंपाकघरात अक्का एकेकाला लोटा-पेला द्यायच्या, कॉफी निववायला खोलगट डबरा पुढे करायच्या, साखर कमी झाली का विचारायच्या. भांड्यांचा खणखणाट व्हायचा. बाहेर तो माणूस एकटाच वाजवत असायचा.

* * *

या वर्षी मंडळ विरत गेलं. कुलकर्ण्यांची बदली हुबळीला झाली. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "रविवारची फार सवय झाली होती हो. कॉफी उत्तम असायची." बाबण्णाचं लग्न झालं. त्याला दर रविवारी सासरी जेवायला बोलावतात. रामनवमीच्या कचेऱ्या सुरू झाल्या आणि अण्णा संध्याकाळी मांडवात जाऊन बसू लागले. तिकडचा उन्हाळा तोंडावर आला होता. मी ट्रंक माळ्यावरून खाली काढून ठेवली.

त्या रविवारी कुणीही आलं नाही. मी तरीही चटई घातली. ती रेकॉर्ड लावली आणि समोर बसलो. अण्णांचं ते टेलिव्हिजनबद्दलचं बोलणं आठवलं. बिचारा एकटाच गातो. इथे तर ऐकणाराही एकटाच.

मध्यावर वाद्यं थांबली. ड्रम सुरू झाले. आणि माझे पाय उठले! मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते.

चूल थंड होती. लोटे-पेले फळीवर पालथे होते. अक्का दाराला लागून, भिंतीला कान लावून पाटावर बसल्या होत्या. हात मांडीवर स्वस्थ. मला बघून त्या एकदम चिडल्या.

"तू कशाला उठून आलास? ते चाललंय ना अजून?"

"सवय, अक्का," मी म्हणालो. "कॉफी..."

"दोन वर्षं झाली! हे सुरू झालं रे झालं, की तुम्ही सगळे येऊन माझ्यासमोर उभे. याला साखर, त्याला दूध. एकदासुद्धा मला हे शेवटपर्यंत ऐकायला मिळालं नाही."

बाहेर ड्रम संपले आणि बाकीची वाद्यं परत आली. अक्कांनी कपाळाला हात लावला.

"बघ, आजही घालवलंस!" त्या उठल्या. पाट उचलून बाहेरच्या खोलीत आल्या, तो प्लेअरसमोर मांडला आणि पदर आवरून बसल्या.

"लाव ती पहिल्यापासून. आणि मधे उठलास तर बघ."