सात दिवसांची ओळ

नदीवरच्या युद्धविराम आयोगात आवक-जावकवाली बाई सहा वर्षं टिकून होती. आयोगाचं काम एवढंच, की दोन्ही काठांवर झडलेल्या गोळ्या मोजायच्या आणि दोन्ही राजधान्यांना कळवायच्या. पुलावरचं फाटक वीतभर उघडायलाही दोघांची लेखी संमती लागे. त्या दोघांचं एकमत आजवर एकदाच झालेलं, आयोगाला जादा खुर्च्या द्यायच्या नाहीत यावर.

बाईची थोरली लेक युद्धाआधी पलीकडे दिलेली. तिला आता नववा लागलेला, मूल आडवं. तिकडचा दवाखाना तोफेनं पाडलेला; अलीकडचा पुलापासून चार मिनिटांवर. रुग्णांना पुलावरून सोडावं म्हणून आयोगानं तीनदा लिहिलं. होकार नाही, नकारही नाही.

टपाल बाईच फोडायची, म्हणून तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. प्रत्येक राजधानीत होकाराला पाच सह्या लागतात, नकारालाही पाचच, आणि कागद चौथ्या टेबलावर झोपतो.

चौथं पत्र टंकताना तिनं खाली एक ओळ घातली : ‘सात दिवसांत हरकत न आल्यास संमती आहे असे समजले जाईल.’

आयोगाचा साहेब बाहेरदेशचा, निवृत्त सेनाधिकारी. तो हबकला. “मावशी, हा अधिकार आपल्याला कुणी दिला?”

“नाही असं तरी कुणी लिहिलंय?”

“नोकरी जाईल माझी!”

“मग तुम्ही घरी जाल. माझी लेक कुठं जाईल?”

साहेबानं पेनाचं टोपण चावलं. मग सही केली.

पाचव्या दिवशी एका राजधानीचं पाकीट आलं. बाईनं ते उभ्यानंच फोडलं. आत विचारलं होतं, खुर्च्या किती आहेत.

आठव्या दिवशी फाटक उघडलं. लेक हातगाडीवर आडवी.

“आई, दोघंही हो म्हणाले?”

“कुणी काहीच म्हणालं नाही. तू बोलू नकोस, श्वास घे.”

नातू झाला. पुढे तीच ओळ पाण्याच्या पंपाला लागली, मग कैद्यांच्या अदलाबदलीला, मग मासेमारीच्या हद्दीला. लोक अर्ज घेऊन राजधानीऐवजी आयोगातच येऊ लागले.

चार वर्षांनी दोन्ही राजधान्यांचं दुसऱ्यांदा एकमत झालं : ही ओळ तात्काळ बंद करावी. खाली दहा सह्या.

बाईनं पत्राची आवक नोंदली, यंत्रात कागद सरकवला. ‘आपले पत्र मिळाले. ओळ चालू ठेवावी असा आयोगाचा प्रस्ताव आहे. सात दिवसांत हरकत न आल्यास...’

साहेबानं न वाचताच सही केली.