खोब्रागडे बाईंचं भेव

ओल्या केसांनी आलेल्या मुलीला खोब्रागडे बाई प्रयोगशाळेच्या दारातूनच परत पाठवत. "जाय, उन्हात उभी राह्य. आत सोडियम आहे, त्याले पाणी खपत नाई." पाण्याची बाटली बाहेर, घामेजलेले तळहात पुसूनच आत. पहिल्या दिवशी मला हसू आलं. मग त्यांनी अंगणात सोडियमचा नखाएवढा तुकडा पाण्यात टाकला. तो पेटून असा उडाला की माझी बोबडीच वळली.

ऊर्जानगरात, वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेल्या बाई आमच्या प्रमुख. काही अणुभट्ट्या थंड ठेवायला वितळलेला सोडियम वापरतात. त्याच्या आतलं डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून आत सेन्सर सोडायचा, त्याने ध्वनिलहर पाठवायची आणि प्रतिध्वनीवरून समोर काय आहे ते ओळखायचं. हा सेन्सर बनवताना आमच्या नाकी नऊ येत. पुरेसं तापवल्याशिवाय सोडियम सेन्सरच्या पोलादी तोंडाला नीट चिकटत नाही, मग आवाज बाहेरच पडत नाही. आणि फार तापवलं की आवाज काढणारा आतला स्फटिक कायमचा मुका होतो.

एका दुपारी नवा सेन्सर वितळलेल्या सोडियमच्या टाकीत उतरवला. आतली पोलादी दांडी वर निघाली असेल तरच टाकीतला यंत्राचा हात फिरवायचा होता, नाहीतर तो दांडीवर आदळून टाकी फुटली असती. पडद्यावरची रेषा सपाट, प्रतिध्वनी नाही. आमच्यासोबत काम करणारे वाघमारे सर म्हणाले, "रस्ता मोकळा आहे बाई, फिरवून टाकू." बाईंनी यंत्राचा खटका तळहाताने झाकून धरला.

"आवाज वापस नाई आला म्हणजे समोर काई नाई, असं नसते बापा! मले भेव लागून राह्यलं. अजून तापवा."

"स्फटिक जाईल, बाई."

"जाऊ द्या. टाकी फुटली तं आपन जाऊ."

आम्ही हळूहळू तापवत गेलो. व्हरांड्यात छप्पर गळत होतं आणि ते पाणी आत येऊ नये म्हणून मी दाराशी फडकी कोंबत होते. अखेर रेषेवर एक टोक उसळलं. दांडी तिथेच होती, यंत्राच्या हाताच्या अगदी समोर.

यंदा त्या इस्पितळात बेशुद्ध होत्या. कितीही हाका मारल्या तरी पापणी हलेना. नर्स म्हणाली, "त्याईले आता काई समजत नाई, ताई." मी फार घाबरले होते. पण आवाज वापस आला नव्हता, एवढंच. मी तळहात पुसून कोरडे केले, त्यांचा हात धरला आणि त्या जाईपर्यंत बोलत राहिले.