घोड्याचे केस आणि एक उंदीर

"काकू, कुणाचं काही झालं का हो?"

वरच्या मजल्यावरची शेजारीण दारात उभी होती. हातात रिकामी वाटी, विरजण मागायला आलेली. बोलताना तिनं आवाज खाली आणला होता आणि नजर माझ्या खांद्यावरून आत गेली होती, खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या आमच्या ह्यांच्याकडे. सात आठवड्यांची पांढरी दाढी छातीकडे निघालेली. एरवी तुळतुळीत असणाऱ्या म्हाताऱ्याची दाढी वाढलेली दिसली की आपल्याकडे आजारपण नंतर आठवतं, आधी सुतक आठवतं.

"नाही गं बाई," मी म्हटलं, "सगळे जिवंत आहेत. दाढीसकट."

ती ओशाळून हसली, विरजण घेऊन गेली. पण ह्यांनी ऐकलं होतं. दुपारी ह्यांनी डाव्या हातानं खुणा करून करून सूनबाईकडून खुर्ची फिरवून घेतली. तोंड भिंतीकडे, पाठ खिडकीकडे. तशी ती राहिली.

अर्धांगाचा झटका आला तेव्हा हे दाढीच करत होते. अर्ध्या तोंडावर फेस होता. उजवा हात एकदम लुळा पडला, ब्रश फरशीवर गेला आणि त्याच्या पाठोपाठ हे. मी धावत गेले तेव्हा ह्यांच्या अंगाखाली ब्रशाच्या मुठीचे मोडून दोन तुकडे झाले होते आणि मी वेडी आधी ते तुकडे गोळा करत बसले होते. हॉस्पिटलातून घरी आले ते उजवी बाजू सैल घेऊन. शब्दही आत कुठे तरी अडकलेले. विचारावं एक, तर दहा मिनिटांनी अर्धा शब्द बाहेर यायचा, तोही चुकीचा. मग ह्यांनी बोलणंच सोडलं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी आली की डोळे मिटायचे. दोन घास खाऊन ताट सरकवायचे. काठी कोपऱ्यात, तिला हात नाही. शेजारणीनं विचारलेलं सुतक मला हळूहळू खरंच वाटायला लागलं. हा माणूस स्वतःचंच सुतक पाळतोय, आणि दहा दिवसांत फिटेल असं हे सुतक नव्हे.

दाढी ही ह्यांच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभं आयुष्य गेलं. पहिल्या पाळीला जायचं असो की सुट्टी असो, पहाटे आरशापुढे उभं राहायचंच. सासूबाई कुरकुरायच्या, "शनिवारी तरी नको रे." ह्यांचं उत्तर ठरलेलं, "आई, मशीनला वार कळत नाहीत." रिटायर झाल्यावरही शिरस्ता तोच. परक्या हातानं दाढी ह्यांनी जन्मात एकदाच करून घेतली, सासूबाई गेल्या तेव्हा, गोदाकाठी, डोक्यावरच्या केसांसकट.

हे मला आधी आठवायला हवं होतं. मी उलट सलूनवाल्याला घरी बोलावलं. भला माणूस, गळ्याभोवती फडकं बांधायला वाकला. ह्यांनी डाव्या हातानं पाण्याचं भांडंच उडवलं. तो गेल्यावर फरशी पुसताना माझ्या डोक्यात गोदाकाठ आला आणि पुसता पुसता हातच थांबला.

मुलानं मग मशीन आणलं, गुरगुरणारं. ते कानापाशी नेताच ह्यांनी मान फिरवली. त्यानं मागवलेला नायलॉनचा एक ब्रशही होता. तो मात्र ह्यांनी डाव्या हातात घेतला. तळव्यावर दाबून पाहिला, नाकाशी नेला आणि बाजूला ठेवून दिला, उलटा.

मुलगा म्हणाला, "बघ, नकोच म्हणतात."

मी मनात म्हटलं, नको कशाला म्हणतात ते तरी बघ. दाढीच नको असती तर ब्रशाचा वास कशाला घेतला असता?

ह्यांना घोड्याच्या केसांचा ब्रश लागतो. आणि हे मला जितकं पक्कं माहीत आहे तितकं नाशकात कुणाला माहीत नसेल, कारण लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी तसला एक ब्रश ठार केला होता.

तेव्हा मी निफाडकडची शेतकऱ्याची पोर, नुकतीच शहरात आलेली. आपल्याला सगळं कळतं असा चेहरा करून फिरायची. काही विचारायचं म्हणजे कमीपणा. स्टेशनवर टांग्याचा घोडा पाहिला होता, तेवढीच घोड्याशी ओळख. एका सकाळी हे पाळीला गेलेले आणि मोरीच्या फळीवर मला स्वयंपाकघरातली वाटी दिसली. आपली वाटी! आत करडं, बुळबुळीत पाणी, त्यात बुडालेले केस आणि तबेल्याचा भपकारा. वाटी बाटली, आता सासूबाई मला माहेरी धाडणार, एवढंच सुचलं. कळकट फडकी आम्ही धुण्याच्या सोड्यात उकळायचो. बाईसाहेबांनी ब्रशही उकळला. चांगला खळखळून. झाकण काढलं तर पातेल्यात मूठ एकीकडे आणि केस एकीकडे, शेवयांची खीर जशी. वर मी चमच्यानं ढवळलंही.

मूठ मी राखेच्या डब्यात पुरली. संध्याकाळी हे आले, फळी पाहिली.

"इथला ब्रश कुठे गेला?"

"उंदरानं नेला," मी ताठ मानेनं सांगितलं. "मोठा होता. मी पाहिला."

हे स्वयंपाकघरात डोकावले. पातेल्याच्या कडेला चिकटलेला एक लांब केस चिमटीत धरून उजेडात नेला. मग माझ्या कानाशी येऊन, सासूबाईंना ऐकू जाणार नाही असं, म्हणाले, "पाणीपण उंदरानंच तापवलं का?"

तेवढंच. सासूबाईंना कधी कळू दिलं नाही. पण तेव्हापासून माझी थाप पकडली की ह्यांचा एकच शब्द: उंदीर. चार लोकांत मी साडी जुनीच आहे म्हणाले, उंदीर. गुडघा दुखत नाही म्हणाले, उंदीर. मुलं लहानाची मोठी झाली तरी त्यांना उलगडलं नाही, बाबा मधेच उंदीर का म्हणतात.

तर मी ब्रश आणायला निघाले. सूनबाई म्हणाली, "आई, मोबाईलवर मागवू की." मी म्हटलं, "मोबाईलला वास येतो का?"

दहीपुलाकडच्या एका गल्लीत सलूनचं सामान विकणारं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर.

"बोला आजी, कुणासाठी?"

"माझ्यासाठी. दाढी फार वाढते हल्ली."

त्यानं चष्मा खाली घेऊन माझी हनुवटी नीट पाहिली. "अजून आठवडाभर चालेल," म्हणाला. मग मला धीर आला. ह्याच्याकडे खरा माल मिळणार.

त्यानं तीन ब्रश मांडले. एक डुकराच्या केसांचा, राठ. एक नायलॉनचा, घोड्याचा म्हणून विकला जाणारा. "हा देऊ नये तुम्हाला," त्यानं स्वतःच सांगितलं आणि त्यातला एक केस उपटून काडीनं पेटवला. केस वितळून गोळी झाली, प्लास्टिकचा वास आला. तिसऱ्यातला केस पेटवला, तो चुरचुरत जळला, चुलीत केसांचं गुंतवळ पडावं तसा. मी मनगटाच्या आतल्या बाजूला ब्रश दाबून पाहिला. टोचत होता, पण दाबला की पुन्हा ताठ उभा राहत होता.

"आयाळीचे केस मऊ असतात, शेपटीचे कडक. ह्याच्यात दोन्ही आहेत," तो म्हणाला. "पण लगेच तोंडाला लावू नका. आठ दिवस माणसाळवावा लागतो."

"काय करावा लागतो?"

"माणसाळवावा. जनावराचाच आहे ना तो? कोमट पाण्यात भिजवायचा, साबणाचा फेस करायचा, फेसातच ठेवायचा थोडा वेळ. मग धुवायचा, झटकायचा, केस खाली करून टांगायचा. रोज. वास जाईल, सुटे केस गळतील, टोकं नरम येतील. आणि हे बघा, उकळतं पाणी अजिबात—"

"ते माहितीये," मी म्हटलं. "ते लय जुनं माहितीये."

घरी आल्यावर मी मुद्दाम स्वयंपाकघरातलीच स्टीलची वाटी घेतली आणि ह्यांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर मांडली. फेस केला. खोलीभर तबेला दरवळला.

"आई, हा कसला वास?" सूनबाई पदर नाकाला लावून आली.

"घोडा पाळलाय. हरभरे भिजत घाल."

हे भिंतीकडेच बघत होते. पण ब्रश झटकताना पाण्याचा आवाज झाला तेव्हा डोळे क्षणभर वळले. मी पाहिलं नाही असं केलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. केस गळायचे, दोन, तीन, मग एखादा. वास कमी होत गेला, ह्यांचं ताट मात्र तसंच परत जात होतं. चौथ्या दिवशी मी वाटी धुताना स्वतःलाच शिव्या घातल्या. नवरा वाळत चाललाय आणि ही बया ब्रश पाळतेय.

पाचव्या दिवशी, टोकं नरम येतायत का ते तोंडावर लावून पाहायला हवं होतं. तोंड कुणाचं? ह्यांच्यासमोर बसून मी माझ्याच हनुवटीला फेस फासायला घेतला. हसू नका, या वयात आमच्याही हनुवटीवर चार केस असतात. भिंतीला चुना द्यावा तशी मी वरून खाली ओढत होते. नाकात फेस गेला, मी शिंकले.

"उ... लटं."

मी थांबले. घोगरा आवाज होता, पण शब्द अख्खा होता आणि बरोबर होता.

"काय?"

"उलटं," ह्यांनी डावा हात खालून वर नेला. मग त्याच हातानं माझ्याकडून ब्रश काढून घेतला, तळव्यावर दाबला, नाकाशी नेला. ह्या वेळी उलटा ठेवला नाही. हातातच धरून बसले, आणि डोळे भरून आले तसे भिंतीकडे वळले. मी फेसाच्या तोंडानंच बसून राहिले. पुसायचं सुचलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी ह्यांनी स्वतः हनुवटी वर केली. परक्या हाताची ती अढी माझ्या हाताला लागू नव्हती तर. मग मला दोन महिने का नाही सुचलं? सुचलं होतं, खरं सांगते. भीती वाटत होती. रक्त पातळ करायची गोळी चालू होती, डॉक्टरांनी बजावलेलं, कापू देऊ नका, लवकर थांबणार नाही. आणि दुसरी भीती ती सैल पडलेली बाजू इतक्या जवळून बघायची.

सूनबाईनं कात्रीनं आधी दाढी उतरवून दिली आणि बाहेर गेली. मी फेस लावला, खालून वर. ब्रश लोण्यासारखा फिरत होता. डावा गाल सोपा गेला. हे गाल आतून फुगवून देत होते, लेथवर काम करणारा माणूस कामाला मदत करतोच. उजवा गाल फुगत नव्हता. मी बोटानं कातडी ताणून धरली, रेझर ओढलं, जबड्यापाशी हात चुकला. फेसात लाल रेघ उमटली.

मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काही नाही. पापणीसुद्धा लवली नाही. रक्त फेसातून गळ्याकडे निघालं होतं आणि हे शांतपणे माझी वाट बघत होते, पुढचं कर म्हणून.

मी टॉवेल दाबला. तुरटीचा खडा दाबला. बराच वेळ दाबला, तोंडानं काहीबाही बडबडत, शेजारणीचं विरजण आणि भाजीवाल्याची मेथी. रक्त थांबलं तसा टॉवेल पाठीमागे लपवला.

"झालं बाई एकदाचं. कुठे काही लागलं नाही."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग डावा हात उचलून माझ्या पाठीमागे बोट दाखवलं. टॉवेलचं टोक बाहेर आलं होतं.

"उं... दीर."

आम्ही दोघं हसलो. ह्यांचं हसू एकाच गालावर आलं. पण हसता हसता ह्यांचा हात उजव्या गालाकडे गेला आणि शोधू लागला. जखमेवरून बोट सरकलं, पुढे गेलं, परत आलं. सापडेना. हसू मावळत चाललेलं मी बघत होते. जाऊ द्या हो, एवढंसं तर आहे, असं ओठावर आलं होतं. पण एका दिवसात दोन उंदीर नको. मी ह्यांचं बोट धरलं आणि नेमकं तिथे ठेवलं.

"इथे."

ह्यांनी बोट डोळ्यांसमोर आणलं. टोकाला लाल ठिपका होता. किती तरी वेळ तो पाहिला.

"कळलं... नाही," म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "मला दिसलं ते."

त्या दिवशीही जेवण अर्धंच गेलं. खुर्ची फिरवू का विचारलं तर मान हलवली, नको. मी जास्त आग्रह केला नाही. ब्रश धुतला, झटकला आणि वाळायला टांगला, केस खाली करून. जागा मात्र मी निवडली. खिडकीच्या गजाला, ह्यांच्या पाठीमागे. माणूस कसलाही रुसलेला असला तरी आपलं हत्यार वाळलं की नाही ते बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही.

दुपारी मी दाराआडून पाहिलं. खुर्ची भिंतीकडेच होती. हे मात्र डाव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून, मान जितकी वळेल तितकी वळवून, खिडकीकडे बघत होते.