भिंतीपासून हातभर दूर

हॉस्पिटलात मी हृदयाची सोनोग्राफी करते. एकदा एक बोलिव्हियन बाई तपासणीला आली. इथे नेदरलँड्समध्ये, आल्मेरे शहरात राहूनच तिचे केस पिकले होते. आडवं होण्याआधी तिने मला बेड भिंतीपासून हातभर पुढे ओढायला लावला.

तिला शागास नावाचा आजार होता. तिच्या गावाकडे मातीच्या भिंतींच्या फटींत एक किडा राहतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. त्याच्यामुळे अंगात शिरलेला जंतू वर्षानुवर्षं गप्प बसतो, मग एखाद्याचं हृदय पोखरायला लागतो. कुणाचं, ते आधी कळत नाही. म्हणून दरवर्षी तपासणी.

"इथे नाहीत हो ते किडे," मी डचमध्ये म्हटलं.

"माहितीये. पण भिंतीला लागून मला अजून झोप येत नाही."

"आता श्वास रोखा," मी सांगितलं. बाकीचे पेशंट स्क्रीनकडे बघतात. ती माझ्याकडे बघत राहिली. निकाल डॉक्टरांनी सांगायचा असतो, त्यामुळे चेहरा कोरा ठेवायची मला सवय आहे. गेल्या वर्षीच्या चित्रांत सगळं ठीक होतं. आज हृदय आकसताना त्याचं टोक मात्र फुग्यासारखं बाहेर येत होतं. मी तीच जागा पुन्हा बघितली. चेहऱ्यावर काही उमटू दिलं नाही, असं मला तरी वाटलं.

तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मी कधीच सोडला श्वास, पोरी. तू अजून रोखून धरलायस."